तक्रार कळली, म्हणजे काम कळलं असं नाही

कबनूर-इचलकरंजीत डॉबीच्या मागावर नक्षी काढायची असेल तर आधी कागदावर पेग प्लॅन मांडतात, मग खुंट्या बसवतात. उलट क्रमाने कोणी जात नाही. पण मागवाल्यांच्याच घरातली मुलं सॉफ्टवेअर शिकून येतात आणि म्हणतात, "तक्रार स्पष्ट आहे, योजना कशाला? सरळ कोड लिहितो." हे ऐकून माझे कान किटले आहेत.

गैरसमज असा की काय दुरुस्त करायचं ते तक्रारीतच लिहिलेलं असतं. नसतं. तक्रार सांगते कुठे दुखतंय. का दुखतंय ते आपल्याला शोधावं लागतं.

समजा, मजुरीच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आली: "मार्चची मजुरी जास्त दिसते." ५२ पिकाच्या (इंचाला ५२ आडवे धागे) कापडाला मीटरला १.३० रुपये दर होता, एप्रिलपासून तो १.५६ झाला. मार्चमध्ये १००० मीटर विणलेल्या कामगाराला १३०० रुपये मिळाले, आता अहवाल १५६० दाखवतो. घाईतला प्रोग्रामर अहवालात एक अट घालतो: एप्रिलच्या आधी जुना दर धर. तक्रार बंद! पुढच्या दरवाढीला तीच तक्रार परत. शिवाय दिवाळीचा बोनस वर्षाच्या मजुरीवर निघतो. ती बेरीज दुसरीकडे होत असेल तर तिथे २६० रुपये जास्तच राहतात. कायद्यातल्या किमान ८.३३ टक्के बोनसने पाहिलं तरी एका कामगारामागे सुमारे २२ रुपयांची चूक, तीही एकाच महिन्याची.

खरं कारण वेगळंच असतं: विणलेल्या मालाच्या नोंदीत त्या दिवशीचा दर साठवलेलाच नाही, दरवेळी आजचा दर उचलला जातो. हे कळायला आधी चूक स्वतः घडवून पाहावी लागते. मग लिहायचं: कारण काय, कोणत्या फाइली बदलणार, जुन्या नोंदींत दर कुठून भरणार, कशाला हात लावणार नाही, दुरुस्ती झाली हे कशावरून तपासणार, बिघडलं तर मागे कसं यायचं. याला पानभर पुरतं. योजना म्हणजे शंभर पानांचं बाड, हाही गैरसमजच.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी फ्रेड ब्रुक्स वाचावेत. 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) या पुस्तकात त्यांनी वेळापत्रकाचा एक तृतीयांश भाग नियोजनाला दिला आहे, कोड लिहायला फक्त एक षष्ठांश. उरलेला, म्हणजे एकूण निम्मा वेळ चाचण्यांना.

"अजाईल पद्धतीत योजना नसते"? २००१ च्या अजाईल जाहीरनाम्यात बदलाला प्रतिसाद देणं योजनेपेक्षा वरचढ मानलं आहे, पण योजनेलाही मोल आहे असं तिथेच लिहिलंय. "चालणारा कोड तसाच उचलला तर धोका नाही"? एरियन-४ रॉकेटच्या दिशादर्शन यंत्रणेचा कोड एरियन-५ मध्ये तसाच गेला. ४ जून १९९६ ला एक मोठी संख्या १६ बिटांत मावली नाही आणि रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. "आता एआय कोड लिहितो"? चुकीचं कारण सांगितलं तर तो चुकीची दुरुस्तीच झटपट लिहितो.

बटणावरचं चुकलेलं अक्षर सुधारायला योजना लागत नाही, हे मान्य. पण कुणाच्या मजुरीचा हिशेब बदलणार असेल, तर एडिटर उघडण्याआधी ते पानभर लिहा आणि ज्याने तक्रार केली त्याला वाचून दाखवा.