आधी टाकी, मग बॅटरी

माहूरच्या लॉजमालकाला विचारा, लाईट गेल्यावर काय बंद पडलेलं चालत नाही? तो दिवा-पंखा म्हणणार नाही, पाणी म्हणेल. पहाटे गडावर निघणारा भाविक मोबाईलच्या उजेडात आवरतो, पण नळ कोरडा निघाला की थेट काउंटरवर येऊन भांडतो. आठ खोल्यांच्या अशा एका लॉजवर इलेक्ट्रिशियन बॅकअपचा हिशेब मांडत होता तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

मागच्या बोळात पाच केव्हीएचा जुना डिझेल जनरेटर उभा होता. भारनियमनाच्या काळात मराठवाड्यात दारोदार आले, त्यांतलाच हा एक. तेव्हा लाईट वेळापत्रकाने जायची. आता वादळात सागाची फांदी तारेवर पडते नाही तर डीपी जळतो, आणि लाईट दहा मिनिटांत येईल की उद्या, हे वायरमनलाही सांगता येत नाही. असा छोटा जनरेटर लिटरमागे फार तर तीनेक युनिट देतो. डिझेल नव्वदीच्या वर, म्हणजे ऑइल-फिल्टर सोडूनच युनिट तीस रुपयांना पडतं. तेही त्याच्यावर पुरेसा लोड असेल तर. रात्री चार दिव्यांसाठी तो फडफडत ठेवला की डिझेल जातं आणि पाहुण्यांची झोपही जाते.

"छतावर सोलर टाकलं की कटकटच मिटली ना भाऊ?" मालकांनी विचारलं.

"काका, ते सोलर लाईटसोबतच बंद होतं."

मालकांना हे खरं वाटेना. पण नेट मीटरवालं साधं सोलर असंच असतं. लाईन मेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, कारण खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छतावरचा करंट बसता कामा नये. (जनरेटरची वायर सरळ सॉकेटमध्ये खुपसणारे बहाद्दर हाच धोका ओढवतात, चेंजओव्हर स्विच त्यासाठीच असतो.) लाईट नसताना सोलर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी, आणि खर्च तिथेच वाढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदानही मालकांच्या डोक्यात होतं. पण ते घरगुती जोडणीला मिळतं, लॉजचा मीटर व्यावसायिक. माझ्या मते विकणारे दोन वेगळे प्रश्न एकाच कोटेशनमध्ये घालतात. पॅनेल बिलासाठी असतं, बॅटरी अंधारासाठी. बॅटरी लाईट असताना लाईनवरूनही चार्ज होते.

मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर लोड उतरला. आठ जुने पंखे, ७५ वॅटचे: सहाशे. डझनभर एलईडी, कॅमेरे, वायफाय धरून साडेसातशेच्या आसपास. सहा तास चालवायचं तर साडेचार युनिट. इलेक्ट्रिशियनने पंख्यांवर काट मारून तीस वॅटचे बीएलडीसी लिहिले आणि बेरीज चारशेवर आली. आता अडीच युनिटांत रात्र निघते. दीडशे एएचची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणून अशा चार. लिथियमची पाचेक युनिटची एकच पेटी हे काम करते, पाणीही घालावं लागत नाही, फक्त सुरुवातीचे पैसे जड. मला यातला खरा शहाणपणा पंख्यांवरच्या त्या काटेत दिसला. पंखे बदलणं बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त.

राहिली बोअरची मोटार. दीड एचपीची सबमर्सिबल चालताना दीडेक हजार वॅट घेते खरी, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. त्या झटक्याला साधा इन्व्हर्टर बसतो. तो झटका पेलणारा इन्व्हर्टर घ्यायचा तर मोटारीच्या रोजच्या अर्ध्या तासासाठी सगळी यंत्रणाच मोठी करावी लागते. इलेक्ट्रिशियनने मोटार यादीतून काढलीच. "मोटार बॅटरीवर नको. वर हजार लिटरची आणखी एक टाकी ठेवा, फ्लोट स्विच लावा. लाईट असली की आपोआप भरून राहील." वर चढवून ठेवलेलं पाणी ही साठवलेली वीजच, आणि ती ना गळत ना म्हातारी होत. बॅटरीच्या दुकानात हे कुणी सांगणार नाही.

मात्र माहूर-किनवट हा मराठवाड्यातला जास्त पावसाचा भाग. एक किलोवॅट पॅनेल एरवी दिवसाला चारेक युनिट देतं, झडीत त्याचा भरवसा नाही. आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा यात्रा ऐन श्रावणात. तेव्हा सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, व्हरांड्यातही माणसं झोपतात आणि दोन टाक्या दुपारीच संपतात. त्या दिवसांना आणि नवरात्राला डिझेलशिवाय भागत नाही, असं इलेक्ट्रिशियनने स्वतःहून सांगितलं. तो सोलरही विकतो, त्याच्या तोंडून हे ऐकायला बरं वाटलं.

ठरलं ते असं: पंखे आणि टाकी लगेच, बॅटरी दिवाळीनंतर, पॅनेल वरच्या मजल्यावर मालक राहतात तिथल्या घरगुती मीटरवर, दक्षिणेकडे वीसेक अंशांच्या उतारावर. वानरांना वर बसता येणार नाही अशी चौकट कुठून आणायची, यावर मात्र दोघांचं एकमत झालं नाही.

"मग जनरेटर विकून टाकू?"

"ठेवा काका. पण बोळातच, आत आणू नका. धुराने माणसं मरतात. आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं चालवा, तेही मोटार लावून. रिकामा फिरवला की काजळी धरतो."