जमिनीपासून शेवटचे वीस फूट

लहान विमानाचा अपघात म्हटला की भर आकाशात इंजिन बंद पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात दोन-चार आसनी विमानांची मोडतोड सर्वाधिक होते ती उतरताना. पुढचे चाक मोडते, पंख्याची पाती वाकतात, विमान धावपट्टी सोडून गवतात घुसते. आतली माणसे बहुतेक वेळा आपल्या पायांनी बाहेर येतात, म्हणून या अपघातांची बातमी क्वचितच होते. त्यांमागे अनेकदा झोताझोताने वाहणारा वारा असतो.

एकसारखा वाहणारा समोरचा वारा वैमानिकाला हवाच असतो. त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी होतो आणि विमान थोड्या अंतरात थांबते. घोटाळा होतो तो वारा मध्येच चढला-पडला की. जगभरच्या प्रशिक्षणात रुळलेले सेस्ना १७२ साधारण ६५ नॉटने, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने धावपट्टीकडे येते. पंखांना मिळणारी उचल हवेतल्या वेगाच्या वर्गानुसार बदलते. समोरचा वारा अचानक १० नॉटने पडला, तर ६५ चे ५५ होतात आणि उचल जवळपास २८ टक्क्यांनी घटते. १४० नॉटने उतरणाऱ्या प्रवासी जेटच्या बाबतीत हीच घट १४ टक्के असते. दोनशे फुटांवर असे झाले तर सावरता येते. वीस फुटांवर विमान धाडकन आपटते.

जमिनीलगतचा वारा मुळातच विस्कळीत असतो. झाडे, हँगर, टेकाडे त्याला अडवतात आणि त्यांच्या आडोशाला भोवरे तयार होतात. दुपारी जमीन तापली की गरम हवा वर जाते आणि वरचा जोरकस वारा खाली उतरतो. अशा झोतांसाठी वैमानिकांचा एक ठोकताळा आहे : वारा १५ नॉट आणि झोत २५ नॉटचा असेल, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट नेहमीच्या वेगात वाढवायचे. पण हातचे राखायचे म्हणून कुणी १५ नॉट वाढवले, तर विमान टेकायचे नावच घेत नाही, धावपट्टीवर तरंगत राहते. समोर धावपट्टी संपत आलेली दिसते, वैमानिक घाईने नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी आपटते आणि उसळ्यांची मालिका सुरू होते.

बाजूच्या वाऱ्याचे गणित वेगळे. धावपट्टीशी ३० अंशांत येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो. ६० अंशांत सुमारे ८७ टक्के. सेस्ना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा दिसतो. तो चाचणीत करून दाखवलेला आकडा आहे, विमानाची कायदेशीर मर्यादा नव्हे. मात्र ती चाचणी सराईत वैमानिकाने केलेली असते, हे विसरून चालत नाही.

नावाडी प्रवाह कापताना होडीचे तोंड थोडे वरच्या अंगाला ठेवतो, तसे विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून सरळ रेषेत यायचे. टेकण्याआधी रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे, वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवायचा आणि त्या बाजूचे चाक आधी टेकवायचे. चाके टेकली की अनेकांचे हात-पाय सैलावतात आणि तिथेच घात होतो. वेग उतरतो तशी रडरची आणि पंख झुकवणाऱ्या एलेरॉनची पकड ढिली होते, वारा मात्र तेवढाच असतो. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांचे वजन मुख्य चाकांच्या मागे असल्याने शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान गर्रकन फिरते.

बारामती, गोंदिया, धुळे इथे वैमानिक घडतात. तिथल्या शिकाऊ वैमानिकाला एप्रिल-मेच्या दुपारी वळवाच्या ढगांचेही भान ठेवावे लागते. पाऊस अजून काही किलोमीटर दूर असतानाच त्याचा थंड झोत पुढे धावतो आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पालटू शकते.

या सगळ्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, वैमानिकांच्या भाषेत गो-अराउंड. पण तोही वेळेवर हवा. दोन उसळ्या खाल्ल्यावर, वेग संपल्यावर पूर्ण ताकद दिली, तर नाक वर आणि डावीकडे ओढले जाते. ते आवरले नाही तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते. असे अपघात मात्र जीवघेणे ठरतात. म्हणून कुठल्या उंचीवर, काय बिघडले की परतायचे, हे धावपट्टी दिसण्याआधीच ठरलेले असावे. वारा ओसरेपर्यंत थांबणे किंवा वाऱ्याला सामोरी धावपट्टी असलेला दुसरा विमानतळ गाठणे, हेही पर्याय असतातच.

लहान विमानात बसण्याचा योग आला आणि टेकता टेकता वैमानिकाने विमान पुन्हा वर नेले, तर त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेऊ नका. उशीर होतोय म्हणून त्याला घाईही करू नका. त्या क्षणी तो आपले काम चोख करत असतो.