पळींज लोंबीचा वारसा

२२ मे २०२१ रोजी चांगशात युआन लाँगपिंग यांचे निधन झाले, तेव्हा भर पावसात लोक शेवंतीची फुले घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. भातपैदासकाराला असा निरोप क्वचितच मिळाला असेल. भाताच्या ज्या नरवंध्यत्वावर युआन यांनी आयुष्य वेचले, ते नव्वदच्या दशकात कर्जतच्या खाचरांतही उतरले होते. त्या दशकाची आठवण कोकणात आता फारशी कुणी काढत नाही, आणि ही गोष्ट मनाला लागते.

भाताच्या फुलात सहा पुंकेसर असतात आणि फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळते. शेतभर संकर करायचा तर पराग मेलेला पण बीजांड धड, असे रोप हाताशी हवे. हुनानमधल्या आनजियांगच्या शेतकी शाळेत शिकवणाऱ्या युआन यांनी १९६४-६५ च्या दोन हंगामांत १४ हजारांवर लोंब्या तपासल्या. सहा रोपे हाती लागली. १९६६ साली त्यांचा लेख छापून आला. पुढची चार वर्षे अपयशातच गेली. मग २३ नोव्हेंबर १९७० रोजी हैनान बेटावर त्यांचे सहायक ली बिहू आणि शेतावरचे तंत्रज्ञ फंग केशान यांना पाणथळ जागी रानभाताचे एक नरवंध्य रोप दिसले. परागकोश बारीक, फिकट, न फुटणारे. त्या एका रोपाच्या वंशातून १९७३ मध्ये तीन वाणांची पद्धत बसली: नरवंध्य मादी, तिचे बी टिकवणारा जोडीदार आणि प्रजननक्षमता परत आणणारा नर.

१९७६ पासून चीनमध्ये संकरित भात झपाट्याने पसरला. भारतात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा नेटाचा कार्यक्रम सुरू झाला तो थेट डिसेंबर १९८९ मध्ये.

पुढची दहा वर्षे मात्र मोलाची होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रातून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित वाण आला. त्याची मादी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची, आयआर ५८०२५ ए. तिचे वंध्यत्व हैनानच्या त्याच रानभाताकडून आलेले. बीजोत्पादनाच्या खाचरात मादीच्या आठ ओळींमागे नराच्या दोन ओळी लावायच्या. मादीची लोंबी ध्वजपानाच्या आवरणातून पुरती निसवत नाही, म्हणून जिबरेलिक ॲसिड फवारायचे. सकाळी दहाच्या सुमारास फुले उमलू लागली की दोघांनी दोर ताणून नराच्या ओळींवरून फिरवायचा. पिवळा धुरळा उडायचा आणि शेजारच्या लोंब्यांवर बसायचा. घाई असायची, कारण भाताचा पराग काही मिनिटांतच मरतो. मादीच्या ओळींत पराग धरणारे एखादे परके रोप घुसले तर सगळे बी बिघडते, म्हणून संशयित रोपाचा परागकोश काचपट्टीवर चिरडून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. पिठूळ, सशक्त पराग काळानिळा होतो. वंध्य पराग पिवळट, सुरकुतलेला राहतो. हे काम करणाऱ्यांची नजर अशी तयार झाली की काचपट्टीआधीच त्यांना उत्तर कळायचे.

संकरित भात रुजला नाही याचे खापर त्या काळी शेतकऱ्यावर फोडले गेले. त्याला नवे नको, असे सर्रास म्हटले जाई. हा अन्याय होता. या मादीपासून झालेल्या तांदळाला हलका वास असे आणि शिजल्यावर तो चिकट होई. जिथे ताटात मोकळा भात लागतो, तिथे गिरणीवाला त्याला कमी भाव देई. शिवाय घरचे बी राखून पेरणाऱ्याला दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागे. राखलेले बी पेरलेच, तर पुढच्या पिढीत रोपे उंचसखल येत आणि काही लोंब्या पळींज, म्हणजे बिनदाण्याच्या, राहत. शेतकऱ्याचा नकार पोटाच्या आणि खिशाच्या हिशोबातून आला होता.

लोंबी पळींज का राहते, याचे नेमके उत्तर २०१३ मध्ये ग्वांगझूच्या ल्यू याओग्वांग यांच्या गटाने दिले. परागकोशाच्या आत टॅपेटम नावाचा पेशींचा थर वाढत्या परागाला पोसतो आणि काम संपले की मरतो. नरवंध्य रोपाच्या मायटोकाँड्रियात डब्ल्यूए ३५२ हे प्रथिन साचते, कॉक्स ११ या प्रथिनाला अडवते आणि हा थर वेळेआधीच मरतो. पराग उपाशी राहतो. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून हा दोषही आईच्याच वाटेने उतरतो. नराकडून आलेला आरएफ ४ हा जनुक त्याला आवरतो. कर्जतला आयोडीनच्या थेंबात दिसायचा तो याच घटनेचा शेवट.

आज देशातल्या संकरित भाताच्या बियाण्याचा बाजार बहुतांशी खासगी कंपन्यांच्या हाती आहे, आणि एकूण भातक्षेत्रात संकरित वाण दहा टक्क्यांच्याही खाली आहेत. चीनमध्ये ते निम्म्याच्या आसपास पोचले. दरम्यान, कॅलिफोर्नियात वेंकटेशन सुंदरेसन यांच्या गटाने २०१८ च्या अखेरीस बीबीएम १ हा जनुक भाताच्या बीजांडपेशीत जागवून, फलनाशिवाय हुबेहूब आईसारखे बी मिळवून दाखवले. २०२२ मध्ये एका संकरित वाणात असे बी ९५ टक्क्यांहून अधिक भरले. म्हणजे संकरित भाताचेही बी घरी राखता येईल. सार्वजनिक संस्थांनी हे काम हिरिरीने हाती घ्यायला हवे. कर्जतच्या खाचरांत ज्यांनी दोर ओढला, परागकोश चिरडले, त्यांतले बहुतेक आता निवृत्त झाले आहेत.