मेख निघाली, साखळी उरली

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभी होते. पिशवीत डबा, पर्समध्ये पास. ३२ वर्षं फास्ट लोकल पकडली, पण त्या दिवशी माझी कुठेच वाट पाहिली जात नव्हती. मग पाय कुणाच्या मर्जीने वळले?

सादेक चूबक यांची कथा वाचताना तो पूल आठवला. इराणच्या बुशेहर बंदरात जन्मलेल्या या लेखकाची ही कथा १९४९च्या संग्रहातली. माकडाचे खेळ दाखवत फिरणारा एक लूती, आपल्याकडचा मदारीच, रात्री झाडाखाली मरतो. मखमल नावाचं त्याचं माकड साखळीची मेख उपटून निघतं. आता धनी नाही, मार नाही. पण धन्याने लावलेली अफूच्या धुराची सवय अंगात आहे. मेंढपाळ पोरगा त्याला मारतो, ते त्याला चावतं. शेवटी थकून ते प्रेतापाशीच परत येतं. कुऱ्हाडी घेतलेली माणसं जवळ येऊ लागतात, आणि साखळी त्याला पळू देत नाही.

अशा लिखाणाला निसर्गवाद म्हणतात. भूक, सवय, रक्त आणि भोवताल माणसाला कसे घडवतात, हे न्यायनिवाडा न करता दाखवायचं. फ्रान्सच्या एमिल झोलाने १९व्या शतकात ही वाट रुळवली.

मराठीत मला बाबूराव बागूल जवळचे वाटतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ती कळते आणि त्याला बेदम मारतात. पण आपल्यावर पडलेला हात कुणाचा, हे तो ओळखतो. मारणाऱ्यांच्या मागे त्याला मनू दिसतो. साखळी घडवणाऱ्याचं नाव घेता येणं, एवढी मोकळीक बागूल त्याला देतात. मखमलला भाषाच नाही.

तरी मी त्या चाव्यापाशी पुन्हा पुन्हा थांबते. तिथे धनी नव्हता, जमलेली गर्दी नव्हती, ‘नाच’ म्हणणारं कुणी नव्हतं. चावायचं की नाही, हे मखमलनेच ठरवलं होतं.