सहावी वाटी

भाऊबीजेला ओवाळणी घातली की भाऊ मोकळा होतो. पण त्या ओवाळणीतच काही कमी निघाले, तर बहीण ते बोलून दाखवते का? छे! ती गप्प बसते, आणि तिथेच दुकानदाराचे फावते.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ताईकडे अंबाजोगाईला गेलो, ते पुण्याहून जेवणाचा काचेचा सेट घेऊन. सीलबंद खोका, वर रंगीत कागद. दाजी खूष झाले. पुढे संक्रांतीला योगेश्वरीच्या दर्शनाला म्हणून पुन्हा गेलो. जेवायला बसलो, तर आम्हा पाच जणांपुढे नव्या वाट्या आणि ताईपुढे स्टीलची.

"ताई, एक वाटी फुटली वाटतं?"

ताई काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "नाही मामा, पहिल्यापासून पाचच होत्या. आई म्हणाली, मामाला सांगायचं नाही."

पुण्याला परतताच पावती घेऊन दुकान गाठले. मालक म्हणाले, "खोका कंपनीचा, सील कंपनीचे; आमचा काय संबंध? आणि इतक्या दिवसांनी आलात! वाटी कुठे फुटली, आम्हांला काय ठाऊक?" पावतीवरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळही त्यांनी दाखवली.

आता कायदा काय म्हणतो पाहा. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्या जागी आलेला २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्यात मालाच्या प्रमाणातली उणीव हाही दोषच मानला आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ताईच्या संकोचापायी आमचे हे ३० दिवस हातचे गेले होते!

तरी सारे संपले नव्हते. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. शिवाय खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच, आणि तक्रार तो राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. म्हणजे सेट पुण्याचा असला, तरी ताईला बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

हे सारे मी सौम्य शब्दांत पत्रात लिहिले. सोबत पावतीची प्रत आणि खोक्यावरच्या नगांच्या यादीचे छायाचित्र जोडले. पंधरा दिवसांत वाटी आली. नक्षी किंचित वेगळी, पण आली!

तेव्हा वाचकहो, भेटवस्तू दुकानातच उघडून यादीबरहुकूम मोजून घ्या. पावती जपा. आणि देताना बहिणीला बजावा, "काही कमी निघालं तर त्याच दिवशी कळव, मला मुळीच वाईट वाटणार नाही."

ती वेगळ्या नक्षीची वाटी ताई आता माझ्याच पानात वाढते.