संकेतस्थळाचें अंदाजपत्रक

घर बांधावयास निघालेला गृहस्थ विटा, सिमेंट आणि मजुरी यांचा हिशेब काळजीपूर्वक करतो. परंतु घरपट्टी, पाणीपट्टी आणि दर पावसाळ्यापूर्वींची डागडुजी यांचा आंकडा त्या हिशेबांत क्वचितच येतो. धंद्यासाठीं संकेतस्थळ करवून घेणाऱ्यांचेंही बहुधा असेंच होतें. निवृत्त शाळामास्तराला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असें आपण विचाराल. तो मला एका चुकीनें मिळाला आहे, आणि ती चूक माझीच होती.

पुण्याच्या तांबट आळींत माझा एक जुना विद्यार्थी तांब्यापितळेचीं भांडीं घडवितो. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें दुकानाचें संकेतस्थळ करण्याचें ठरविलें आणि तिघांचीं दरपत्रकें घेऊन तो मजकडे आला. मीं आयुष्यभर गणित शिकविलें. तीन आंकड्यांतील लहान कोणता हें मीं तत्काळ सांगितलें. दोन वर्षें सुरळीत गेलीं. तिसऱ्या वर्षीं एके सकाळीं तें संकेतस्थळ उघडेनासें झालें. चौकशी करतां कळलें कीं, त्याचें नांव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात तें, करून देणाऱ्यानें स्वतःच्याच नांवावर नोंदविलें होतें. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर जात होत्या, आणि त्यानें तर तो व्यवसायच सोडला होता. पुढें दुसऱ्याच कोणीं तें नांव घेतलें. खोक्यांवर, पावत्यांवर आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला पत्ता व्यर्थ झाला. "सर, पैसे मात्र कमी लागले," एवढेंच तो म्हणाला. त्या वाक्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

मग आम्हीं दोघांनीं तो हिशेब पहिल्यापासून पुन्हां मांडला. प्रथम हें पाहिलें कीं, पैसे कशाचे द्यावे लागत नाहींत. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. २००३ मध्यें निघालेली वर्डप्रेस ही संकेतस्थळें रचण्याची आज्ञावलीही फुकट मिळते. तेव्हां खर्च उरतो तो तीन गोष्टींचा: नांव, जागा आणि मेहनत.

नांव आपण विकत घेतों असें म्हणतों, पण वस्तुतः तें भाड्यानें मिळतें. एका वेळीं फार तर दहा वर्षांसाठीं. भाडें अल्प असतें. सामान्य नांवाला वर्षास हजार रुपयांच्या आसपास. मात्र पहिल्या वर्षाच्या सवलतीवर न भुलतां नूतनीकरणाचा दर विचारावा. मुदत टळून '.कॉम'चें नांव नोंदणींतून काढलें गेलें, तर जादा शुल्क भरून तें सोडविण्यास तीस दिवस मिळतात. त्यानंतर पांच दिवसांनीं तें कोणासही घेतां येतें. म्हणून नांवाची नोंदणी मालकाच्या नांवें आणि मालकाच्याच ई-मेलवर असावी. या सावधगिरीस एक पैही पडत नाहीं, आणि आमचें सारें नुकसान तिच्याच अभावीं झालें.

जागा म्हणजे होस्टिंग. आपलीं पानें ज्या संगणकावर ठेवलेलीं असतात त्याचें भाडें. तें ठरवितांना पानांची प्रत अन्यत्र जपून ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं हें विचारावें. सुरक्षिततेचें प्रमाणपत्रही हवें. तें नसलेलें संकेतस्थळ असुरक्षित आहे, असा इशारा क्रोम हा ब्राउझर जुलै २०१८ पासून देऊं लागला. परंतु लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असें प्रमाणपत्र विनामूल्य देते. त्याचे वेगळे पैसे कोणीं मागितल्यास कारण विचारण्यास संकोच करूं नये.

तिसरी बाब मेहनत. रचनेची मजुरी सर्वांस दिसते. मजकूर लिहिण्याची आणि छायाचित्रांची दिसत नाहीं. तांब्याच्या चकचकीत घागरीत छायाचित्रकार स्वतःच उमटतो. तें काम जाणत्यासच द्यावें लागतें. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, आपल्या नोकरींत नसलेल्या माणसानें लिहिलेल्या आज्ञावलीचा व मजकुराचा हक्क सामान्यतः त्याचाच राहतो. आपण पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाहीं. हक्काचें हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीं व्हावें लागतें, व त्यांत मुदत लिहिलेली नसेल तर तें पांचच वर्षांचें मानलें जातें. करारांत ही एक ओळ अवश्य असावी.

आतां बेरीज करूं. समजा, एकजण रचनेचे २०,००० रुपये मागतो, आणि दुसऱ्या वर्षापासून नांव, जागा व देखरेख मिळून दरसाल १२,०००. दुसरा रचनेचे ३५,००० मागतो, पण पुढें दरसाल ६,०००च. पहिल्या वर्षीं पहिला १५,००० रुपयांनीं स्वस्त. पांच वर्षांची बेरीज मात्र पहिल्याची ६८,००० आणि दुसऱ्याची ५९,००० होते. दोघेही नोंदणीकृत व्यावसायिक असल्यास तीवर १८ टक्के वस्तू-सेवा कर धरावा. म्हणजे अनुक्रमें ८०,२४० आणि ६९,६२०. मीं वर्गांत मुलांना सदैव सांगत असें कीं, उदाहरण शेवटपर्यंत वाचल्यावांचून उत्तर लिहूं नये. आणि स्वतः मात्र पहिली ओळ वाचूनच उत्तर दिलें!

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास समजावूं लागलों, तेव्हां तो हंसला. म्हणाला, "सर, हें तर आमच्याच धंद्यांतलें आहे. पितळेचें पातेलें एकदां घेतां येतें. कल्हई मात्र पुन्हां पुन्हां करावीच लागते. नाहीं केली, तर आंबट पदार्थ कळकतो." आज्ञावली वेळोवेळीं अद्ययावत न केल्यास संकेतस्थळही असेंच कळकतें, जुन्या फटींतून भलते लोक आंत शिरतात.

आतां त्याचें नवें नांव त्याच्याच नांवावर आहे. मुदतीची तारीख दुकानांतील दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहिली आहे, आणि जमाखर्चाच्या वहींत 'कल्हई' या सदराखालीं तो दरमहा थोडी रक्कम बाजूस काढतो. जुनीं खोकीं अजून माळ्यावर पडलीं आहेत. त्यांवरील पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तीं वापरण्याचें काम चालू आहे. आणि सुटीच्या दिवशीं त्या पट्ट्या चिकटविण्यास मीही जाऊन बसतों.