सुंभाने शिवलेली नौका

नारळी पौर्णिमेस ज्या श्रीफळाने आपण सागराची पूजा करतो, त्याच फळाच्या सोडणाने प्राचीन काळी आपल्या नौका बांधल्या जात. सोडण पाण्यात कुजवून, कुटून काथ्या काढायचा, त्याचा सुंभ वळायचा, फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या सुंभाने फळीस फळी शिवायची आणि वरून राळ व तेल द्यायचे. फळ्या जोडण्यास लोखंडी खिळा म्हणून नाही.

भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथात समुद्रगामी नौकेस लोखंडाचा बंध वर्ज्य सांगितला आहे. सागरातील लोहचुंबक ती ओढून घेईल म्हणून! हे कारण आम्हांस पटत नाही, पण आचार खरा होता. शिवलेली नौका लवते. लाटेचा वा वाळूचा तडाखा बसला तरी सहसा फुटत नाही, आणि शिवण सैल झालीच तर उसवून पुन्हा घालता येते.

आता श्रोते हमखास विचारतात, समुद्रगमन तर निषिद्ध ना? बौधायनांनी ते पातकांत गणले आहे खरे. परंतु तेच बौधायन उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनही त्याची नोंद करतात. जे कोणी करीतच नाही, त्याचा निषेध कोण कशाला लिहील?

ही विद्या पोथीपेक्षा कारागिरांच्या हातात अधिक राहिली. टिम सेव्हेरिन यांनी ओमानमधील सूर येथे ‘सोहार’ ही जुन्या घाटाची नौका बांधविली, तेव्हा लाकूड मलबारचे आणले. १९८०च्या नोव्हेंबरात निघालेली ती नौका लंका व सुमात्रा यांच्यामध्ये वारा पडल्याने कित्येक दिवस खोळंबली; तरीही १९८१च्या जुलैत चीनमधील कँटनला पोहोचली.

आपल्याकडचा प्रयत्न अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून झाला. पाचव्या शतकातील ते चित्र नौकेचा आकार दाखविते, आतली शिवण दाखवीत नाही. आराखडा तर कोठेच नव्हता. २०२३ साली गोव्यात काम सुरू झाले. केरळचे निष्णात कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली एकेक फळी हातांनी शिवली गेली. चौकोनी शिडे, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही, आणि यंत्र मुळीच नाही. अशी नौका आजच्या नौदलातील कोणीच चालविलेली नव्हती, म्हणून खलाशांनाही ही विद्या मुळापासून शिकावी लागली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. फुनानच्या राजकन्येशी विवाह करणाऱ्या, कथाप्रसिद्ध कौंडिण्याचे नाव तिला दिले आहे.

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून निघाली आणि केवळ वाऱ्याच्या बळावर १४ जानेवारी २०२६ रोजी, ऐन मकरसंक्रांतीस, मस्कतच्या बंदरात शिरली. ‘सोहार’ त्याच मस्कतच्या एका चौकात ठेवलेली आहे.